वर्दीनंतरचा तास

अग्निशमन दलाचं काम म्हणजे आग विझवणं, असं सगळे धरून चालतात. नांदेड-लातूरकडच्या केंद्रात नोकरी केलेल्या माणसाला विचारा, तो आधी विहिरींबद्दल बोलेल. आमच्या भागात शेताशेतात विहिरी आहेत. काळ्या खडकात चाळीस-पन्नास फूट खाली गेलेल्या, बऱ्याचशा बिनकठड्याच्या. कुणाचं जनावर पडतं, कुणाचं पोर पडतं, कुणी कर्जापायी किंवा घरच्या जाचापायी स्वतःच जीव देतं. गावातले पोहणारे थकले की पोलीस ठाण्यातून नाहीतर तहसीलमधून आम्हाला वर्दी येते. ती येते तेव्हा बहुतेक वेळा वाचवण्यासारखं काही उरलेलं नसतं. आम्ही जातो ते शोधायला आणि वर काढायला.

मी सगळी नोकरी या दोन जिल्ह्यांत केली. आधी फायरमन, मग लीडिंग फायरमन. कोणत्या केंद्रात, ते मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे ते कुठल्या एका केंद्राचं गाऱ्हाणं नाही, आणि ज्या पोरांविषयी लिहितोय त्यांना कुणी ओळखू नये असं मला मनापासून वाटतं. प्रशिक्षणाच्या सहा महिन्यांत आमच्याकडून पाण्याचा होज टाकणं, शिडी चढणं, गाठी मारणं, जखमीला खांद्यावर घेणं सगळं घोटून घेतलं होतं. वर्दीवरून परत आल्यावर माणसानं स्वतःचं काय करायचं, यावर मात्र एक तासही नव्हता. मला लिहायचंय ते त्या तासाबद्दल.

विहिरीतून माणूस वर काढायची आमच्याकडची जुनी रीत म्हणजे बाज. खेड्यात ती कुठल्याही घरी मिळते. चारी पायांना दोर बांधायचे, काठावर चौघांनी उभं राहायचं आणि चारी दोर सारखे सुटतील अशा बेतानं ती खाली सोडायची. कमरेला दोर बांधून एक जण आधीच उतरलेला असतो. गळ टाकून, बुडी मारून शोधायचं आणि सापडलं की बाजेवर घेऊन नीट बांधायचं, हे काम त्याचं. ओढताना वरच्या चौघांचा हात एकसारखा चालावा लागतो, एकाचा ढिला पडला की बाज कलते. वर शे-दीडशे माणसं जमलेली असतात, निम्म्यांच्या हातात मोबाईल असतो. आणि खाली तो एकटा असतो, त्या देहाजवळ. बाज वर सोडण्याआधी तो आपल्या खिशातला रुमाल काढतो आणि मेलेल्याच्या तोंडावर टाकतो. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, कुणी कुणाला शिकवतही नाही. माझ्या तुकडीतून खाली उतरलेला प्रत्येक जण हे करायचा.

४ एप्रिल २०२५ ला नांदेडजवळच्या आलेगाव शिवारात शेतमजूर बायकांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत कोसळला. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या सात जणी गेल्या, तिघांना वाचवता आलं. तोवर मी निवृत्त झालो होतो. टीव्हीवर ती विहीर दिसत होती, मोटारी लावून चाललेला उपसा दिसत होता. सरकारनं मदत जाहीर केली, नेते भेटून गेले, ते व्हायलाच हवं होतं. मी मात्र पाण्यात उतरलेल्यांची तोंडं निरखत होतो. हे लोक आज रात्री घरी जाऊन कुणाशी बोलतील, हाच विचार डोक्यात होता.

केंद्रातल्या माणसांचं एकमेकांशी नातं कसं असतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. रोलकॉल झाला, गाडीचं पाणी, डिझेल, पंप, धुरात श्वास घ्यायचे बीए सेट तपासून झाले की वाट बघायची. वाट बघणं हाच या नोकरीचा मोठा भाग आहे. डबे एकत्र उघडायचे. कुणाची ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, कुणाचं वरण, कुणाच्या घरचं मटण. ताटात हात घातला आणि घंटा वाजली की ताट तसंच राहतं. परत येऊन तेच गार अन्न खायचं, किंवा खायची इच्छाच राहत नाही. रमजानात रोजा सोडायच्या वेळी आमच्या मुसलमान साथीदाराच्या जागेवर दुसरा गाडीत बसायचा, दिवाळीच्या रात्री तो आमच्या जागेवर बसायचा. दिवाळीत आम्हाला सुट्टी नसतेच, फटाक्यांनी वर्द्या वाढतात. गणपती विसर्जनाला गोदावरीच्या घाटावर, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत आमची गाडी स्टँडबाय उभी. बायका-पोरांना घेऊन मी यात्रा अशी कधी बघितलीच नाही.

१४ एप्रिल तर आमचा दुहेरी दिवस. १९४४ साली त्याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या आठवणीत देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. सकाळी परेड, दोन मिनिटं शांतता, अधिकाऱ्यांच्या छातीला छोटा ध्वज. आणि त्याच दिवशी बाबासाहेबांची जयंती. नांदेड काय, लातूर काय, मिरवणुका मध्यरात्रीपर्यंत. सकाळी गेलेल्यांना मानवंदना देऊन संध्याकाळी आम्ही मिरवणुकीच्या वाटेवर उभे असायचो. आमच्यातले कितीतरी जण जयंतीला घरी असायला हवेत अशा घरांतले, आणि ते गाडीवर असायचे. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

पहिल्या वर्षांत मला घडवलं ते आमच्या लीडिंग फायरमननं. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामा किल्लारीच्या भूकंपात मदतीला गेलेले होते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, माणसं दमून झोपली होती. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसं दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. मामांनी तिथं काय काय उपसलं ते त्यांनी कधी सविस्तर सांगितलं नाही. पण दर वर्षी त्या तारखेला ते रात्रपाळी मागून घ्यायचे आणि पहाटे चार वाजून जाईपर्यंत आवारात खुर्ची टाकून बसायचे. छताखाली यायचे नाहीत. आम्ही आळीपाळीनं त्यांच्याजवळ जाऊन बसायचो. बोलायचो ते पावसाचं, सोयाबीनच्या भावाचं.

त्याच मामांचा एक दंडक होता. बॉडी काढायची वर्दी झाली की कुणी थेट घरी जायचं नाही. आधी होज धुवायचे. आवारात होज लांब पसरायचे, ब्रशनं घासायचे, चिखल आणि काजळी काढायची, कपलिंगचे वॉशर बघायचे, मग उंचावर टांगून पाणी निथळू द्यायचं. विहिरीच्या वर्दीला होज वापरला नसला तरी मामा तो गाडीतून काढायला लावायचे. दोर धुवायचे, गळ धुवायचा, गमबूट उलटे करून ठेवायचे. आणि हात चालू असताना मामा विचारायचे. आधी खाली उतरलेल्याला, मग दोर धरलेल्यांना, शेवटी ड्रायव्हरला. “तुला काय दिसलं?” एवढंच. उत्तर आलं नाही तर, “बरं, ते टोक धर,” म्हणायचे आणि पुढच्याकडे वळायचे. धुणं संपेपर्यंत मेलेल्या माणसावर कुणी एकही विनोद करायचा नाही, अशी सक्त ताकीद. धुणं झाल्यावर चहा, आणि चहावर वाटेल तेवढी चेष्टामस्करी. आमच्या धंद्यात मस्करी लागतेच, तिच्याशिवाय माणूस टिकत नाही. पण तिची वेळ मामांनी ठरवलेली होती.

माझी पुतणी समुपदेशन शिकली आहे. तिला हे सांगितलं तेव्हा तिनं मला जेफ्री मिचेल यांच्याबद्दल सांगितलं. स्वतः अग्निशमन दलात काम केलेल्या या अमेरिकन माणसानं १९८३ मध्ये अशाच बोलण्याची एक पद्धत मांडली. भयंकर प्रसंगानंतर तुकडीला एकत्र बसवून काय घडलं ते बोलतं करायचं. ती जगभर पसरली. पुढे संशोधकांच्या लक्षात आलं की एकदाच बसवून सगळ्यांना सक्तीनं बोलायला लावलं तर उपयोग होत नाही, काहींना उलट त्रासच होतो. आता जागतिक आरोग्य संघटनाही अशा सक्तीच्या बैठकीचा सल्ला देत नाही. माणसाला सुरक्षित वाटू द्या, त्याचं ऐका, जबरदस्ती करू नका, आपल्या माणसांत ठेवा आणि गरज पडली तर डॉक्टरकडे पोचवा, असं सांगते. मामा सातवी शिकलेले होते. यातलं बहुतेक ते ब्रश हातात घेऊन करत होते.

शरीराचे हालही कमी नसतात. पंधरा मीटरचा मोठा होज भरला की नुसतं पाणीच पंचेचाळीस किलोच्या पुढे जातं, तो घेऊन जिना चढायचा. मे महिन्यात नांदेडचा पारा चव्वेचाळीसकडे सरकतो, त्या उन्हात जिनिंगमधल्या कापसाला लागलेली आग. कापसाची आग वरून विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते. एकेक गठाण फोडून पाणी मारावं लागतं, दोन-दोन दिवस. सोयाबीनच्या गोदामातला बारदाना पेटला की डोळे उघडत नाहीत. बीए सेट सगळ्यांना पुरेल इतके असले तरी सिलिंडर अर्ध्या-पाऊण तासात संपतो, म्हणून बाहेरच्या कामाला कित्येक जण ओला रुमाल बांधूनच उभे राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०२२ मध्ये अग्निशामकाचं काम हेच माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. धूर अंगावरच्या कपड्यांत आणि कातडीवर बसतो, म्हणून कपडे केंद्रातच धुवायचे, अंघोळ करून मगच घरी जायचं, हे आता तरी प्रत्येक केंद्रानं पाळावं. आमच्या वेळी धुरकटलेला गणवेश ही पराक्रमाची खूण समजायचे. तो तसाच घालून माणसं घरी जायची आणि लेकरं येऊन पायांना मिठी मारायची.

२०१६ चा उन्हाळा मी लातूरकडच्या केंद्रात काढला. शहराला पाणी नव्हतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लावलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची पहिली ‘जलदूत’ रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन पोचली, तेव्हा सगळ्या देशानं लातूर बघितलं. आमच्या गाडीत साडेचार हजार लिटर पाणी. एका ब्रांचनं, म्हणजे होजच्या तोंडच्या नळीनं, पूर्ण जोरात मारलं तर दहा मिनिटांत संपतं. एका वस्तीवर कडब्याच्या गंजीला आग लागली होती. आग आटोक्यात आली आणि मी “पाणी बंद” म्हणालो, तेव्हा मागं वळून बघितलं तर बायका घागरी घेऊन ओळीनं उभ्या होत्या. गंजीच्या मालकाची बायकोही त्यात होती. तिची वर्षाची वैरण जळाली होती आणि ती म्हणत होती, “उरलंय का वो थोडं?” गाडीतलं पाणी संपवून केंद्रावर यायला आम्हाला परवानगी नसते, पुढची वर्दी कधी येईल सांगता येत नाही. तरी आम्ही घागरी भरून दिल्या, जेवढ्या देता आल्या तेवढ्या. त्या पूर्ण उन्हाळ्यात आमच्यातल्या एकालाही नीट झोप लागली नाही. आग दिसली की आधी मनात पाण्याचा हिशोब सुरू व्हायचा, कुणाच्या तोंडचं पाणी आपण मारतोय याचा. हा ताण कुठल्याच नोंदवहीत येत नाही.

आता एका पोराबद्दल. कंत्राटी म्हणून लागला होता, वय बावीस-तेवीस. अंगानं काटक, पोहण्यात आमच्या सगळ्यांपेक्षा तरबेज, म्हणून विहिरीत उतरायला तोच पुढे. तोवर मामा निवृत्त झाले होते. कर्मचारी इतके कमी की आठ तासांची पाळी कधी बाराची, कधी चोवीसची व्हायची. एका संध्याकाळी त्यानं शेतातल्या विहिरीतून एका शाळकरी मुलीला वर काढलं. दप्तर पाठीवर तसंच होतं. काठावर आणल्यावर तिच्या आजीनं त्याचा हात धरला आणि सोडेचना. त्याच वेळी कंट्रोलवरून दुसरी वर्दी आली, शहरात एका दुकानाला आग. दुसरी गाडी दुरुस्तीला गेलेली. आम्ही तसेच ओल्या कपड्यांत निघालो. होज धुवायचा तास त्या दिवशी आलाच नाही.

पुढे काही दिवसांत तो डबा उघडेनासा झाला. आणायचा आणि तसाच परत न्यायचा. गप्पांत बसेना, गाडीच्या मागच्या बाजूला पायरीवर जाऊन बसायचा. पाळी संपली की दारूच्या दुकानाकडे. बाकीचे म्हणायचे, “नवा आहे, होईल सवय.” मी एकदा त्याच्याजवळ पायरीवर बसलो. “काय व्हायलंय रे?” विचारलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “काका, दप्तर लई जड लागलं ओ.” त्यानंतर तो सुटल्यासारखा बोलत राहिला. आजीचा हात, पाण्यातला अंधार, घरी धाकटी बहीण शाळेत जायला निघाली की छातीत होणारी धडधड. मी त्याला म्हणालो, थोडे दिवस घरी राहा. तो म्हणाला, खाडा झाला की पगार कापतात. आणि ठेकेदाराला कारण काय सांगू, भीती वाटते म्हणून?

त्याला मी ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी औषधं दिली, बोलायला वेळ दिला, हळूहळू झोप लागायला लागली. तरी ठेका बदलला तेव्हा त्याचं नाव पुढच्या यादीत आलं नाही. आता तो गावाकडे म्हशी पाळतो, ठीक आहे, लग्न झालंय. इतका चांगला उतरणारा माणूस आमच्या दलानं हकनाक गमावला.

सवय होत नाही, हे मी इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर खात्रीनं सांगतो. हात सरावतात. गाठ डोळे मिटून मारता येते, चढ-उतार सोपा होतो. पण बघितलेलं साठत जातं. ज्यांना आम्ही दगडाचे समजत होतो त्यांच्या बायका भेटल्या की वेगळंच सांगतात. एक जण झोपेत “दोर सोड, दोर सोड” ओरडतो. एक जण स्वतःच्या लेकराला तळ्याच्या आसपास फिरकू देत नाही. माझी बायको सांगते, मी अजूनही बाहेर गाडीचा भोंगा वाजला की ताटावरून उठून उभा राहतो.

या कामात मरण किती जवळ असतं ते वेगळं सांगायला नको. ९ मे २०१५ ला मुंबईत काळबादेवीच्या आगीत इमारत कोसळली आणि सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे, महेंद्र देसाई हे चार अधिकारी आपण गमावले. खुद्द दलप्रमुख नेसरीकर जवानांसोबत आगीच्या तोंडावर होते. जानेवारी २०१७ च्या अखेरीस लातूरच्या एमआयडीसीत एका तेल गिरणीत गाळाच्या टाकीत नऊ कामगार गुदमरून गेले, आधी उतरलेल्यांना वाचवायला मागचे उतरले होते. अशा टाकीत, अशा विहिरीत पुढचं पाऊल आमच्या माणसाला टाकावं लागतं. ज्याची चार रात्री झोप झालेली नाही, त्याला बीए सेटचा दाब नीट वाचता येत नाही. त्याच्या मनाची काळजी घेणं हा लाड नाही. त्याच्या आणि बाजूच्याच्या जिवाचा तो प्रश्न आहे.

म्हणून ज्यांच्या हातात हे आहे त्यांना माझी विनंती आहे. आयुक्त, मुख्याधिकारी, नगरसेवक, केंद्रप्रमुख, सगळ्यांना. मृतदेह काढून आलेल्या तुकडीला लगेच दुसऱ्या वर्दीवर पाठवू नका, निदान तासभर तरी. त्यासाठी दुसरी तुकडी लागेल, म्हणजे रिकामी पदं भरावी लागतील, हे मला माहीत आहे. भरा. कंत्राटी पोराला अशा वर्दीनंतर भरपगारी रजा द्या, तोही त्याच दोराला लोंबकळत खाली जातो. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचे डॉक्टर असतात, त्यांना महिन्यातून एकदा केंद्रात बोलवा, आणि तिथं आधी साहेबांनी बसावं म्हणजे जवानांना लाज वाटणार नाही. केंद्रात मामांसारखा कुणी असेल तर त्याचा दंडक मोडू नका.

आणि केंद्राच्या भिंतीवर जिथं १०१ लिहिलंय, त्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरात १४४१६ लिहा. ती सरकारची टेलीमानस सेवा आहे. फोनला पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री कधीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर जवानांच्या घरच्यांनाही द्या, आणि शिवारात विहिरी असलेल्या प्रत्येक गावच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावरही लिहा.